पाणी जमिनीचे की माणसाचे?

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा जो पट्टा पसरला आहे, त्यात अनेक ठिकाणी वर्षाचा पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. ही सरासरीही फसवी असते. एका वर्षी ती ओलांडली जाते आणि दुसऱ्या वर्षी पाऊस तिच्या निम्म्यावरच थांबतो. पडतो तोही थोड्या दिवसांत आणि मोठ्या खंडांनी. राजस्थानातील अरवलीचा परिसर, आंध्रातील रायलसीमा, उत्तर कर्नाटकाचे पठार यांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. अशा प्रदेशांत शेतीसंबंधीचा कोणताही विचार अखेर पाण्यापाशी येऊन थांबतो. पाणी कसे अडवावे, कसे साठवावे, कसे मुरवावे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात डोंगरउतारांवरून वाहून जाणारे पाणी ठिकठिकाणी बंधारे घालून अडवावे, आणि त्या कामी सरकारने आपल्या पदरच्या लष्कराचे व पोलिसांचे श्रम लावावेत, असे सुचवले होते. त्यानंतरच्या काळात बांध, पाझर तलाव, समतल चर, ठिबक अशी साधने वाढत गेली. परंतु अडवलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. हा प्रश्न तंत्राचा नाही. जे पाणी सर्वांना पुरणार नाही, त्यावर कोणाचा अधिकार कोणत्या कारणाने मानावा, असा तो नीतीचा प्रश्न आहे.

कायद्याने त्याचे उत्तर फार पूर्वी दिले. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमिनीच्या मालकाचा असा हक्क मान्य केला की, ठरावीक प्रवाहमार्गाने न वाहणारे जे पाणी त्याच्या जमिनीखाली असेल, ते त्याने आपल्या हद्दीत गोळा करावे व त्याची इच्छेप्रमाणे विल्हेवाट लावावी. पुढे या भूमिकेला मर्यादा पडल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक साधनसंपत्ती राज्यसंस्थेकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते, असे तत्त्व मान्य केले. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमानेही खोल उपशावर निर्बंध घालण्याची तरतूद केली. तरी गावच्या व्यवहारात जुनीच समजूत कायम आहे: विहीर ज्याच्या शेतात, पाणी त्याचे.

या समजुतीमागे भूजल स्थिर असते, असे एक गृहीत आहे. दख्खनचा काळा खडक हे गृहीत खोटे ठरवतो. हा पाषाण पाणी सहज धरून ठेवत नाही. वरच्या मुरमाच्या थरात, खडकाच्या भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यांत जेवढे मुरेल तेवढेच पाणी टिकते, आणि तेही उताराच्या दिशेने हळूहळू सरकत राहते. सातबाऱ्यावरील गटाची हद्द त्याला ठाऊक नसते. एकाने विंधनविहीर खोल नेली की शेजारच्याची जुनी विहीर माघातच तळ दाखवू लागते. पाऊस डोंगरावर पडतो आणि विहीर मळ्यात भरते. असे असता मळ्याच्या मालकाने ‘हे पाणी माझ्या जमिनीतले’ असे म्हणणे वर्णन म्हणून खरे असले, तरी अधिकार म्हणून पुरेसे ठरत नाही.

वाटणीचा विचार करताना ॲरिस्टॉटलने केलेला एक भेद उपयोगी पडतो. समता दोन प्रकारची असते: एकात सर्वांना सारखे मिळते, दुसऱ्यात ज्याला त्याला प्रमाणात मिळते. प्रमाणबद्ध न्यायाला बहुतेक जण तत्त्वतः मान्यता देतात. वाद होतो तो प्रमाण कशाचे धरावे यावर. पाण्याच्या बाबतीत निदान तीन मापे पुढे येतात. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हे पहिले. ज्याने श्रम व पैसा घातला त्याचे पाणी, हे दुसरे. आणि माणूस म्हणून जगण्यासाठी ज्याला जेवढे लागते त्याला तेवढे, हे तिसरे. या तिन्ही मापांना इतिहासात आधार आहे, आणि तिन्हींत काही सत्य आहे. म्हणूनच निवड कठीण होते.

जमिनीचे माप किती सुसंस्कृत होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धतीकडे पाहता येईल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर लहान बंधारे घालून पाणी कालव्यात वळवावे, लाभक्षेत्राचे काही फड पाडावेत आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे, अशी ही तीन-चारशे वर्षांची रीत. शेतकऱ्याची जमीन साधारणतः निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. नदीला पाणी कमी आले की कोणता फड त्या वर्षी पडीक ठेवायचा, याचा निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. त्यामुळे टंचाई एकाच्या माथी न येता सर्वांमध्ये वाटली जाई. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असे आणि त्याला धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्यालाही पाण्याची खात्री देणारी ही व्यवस्था आधुनिक कालव्यांना आजही लाजवील. परंतु तिच्या न्यायाची सीमा जमीनधारकांपाशी संपते. जो पाटकरी रात्री-अपरात्री दुसऱ्यांच्या शेतांत पाणी फिरवी, त्याचा पाण्यावर स्वतःचा असा वाटा नसे. तमिळनाडूतील तलावांवर पाणी वाटणारा नीरकट्टी अनेक गावांत दलित समाजातील असे. तो निःपक्षपाती राहील असा विश्वास गाव त्याच्यावर टाकी. त्या विश्वासाचे एक कारण कदाचित हेही असेल की, त्या पाण्यात त्याचा स्वार्थ गुंतावा एवढी जमीनच त्याच्याजवळ नव्हती. परंपरेचा गौरव करताना ही बाजू झाकून चालत नाही.

श्रमाचे माप याहून अधिक आकर्षक वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सिंचनावरील राजभाग ठरवताना श्रमाची दखल घेतलेली दिसते: हाताने पाणी काढून शिंपणाऱ्याने पाचवा हिस्सा द्यावा, खांद्यावरून वाहून आणणाऱ्याने चौथा, आणि प्रवाहयंत्राने पाणी खेळवणाऱ्याने तिसरा. कष्ट जितके अधिक, तितका राजाचा दावा कमी. जॉन लॉकनेही मालकीचा उगम श्रमात मानला. मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक उरले पाहिजे, ही अट त्याने जोडली होती. अवर्षणप्रवण प्रदेशात नेमकी हीच अट पाळली जात नाही. कर्ज काढून विहीर खणणाऱ्याचे कष्ट खरेच असतात. त्याची जोखीमही खरी असते, कारण दहा विहिरी खणल्या तर काही कोरड्या निघतात. पण त्याने खणली ती विहीर; तीत उतरणारे पाणी त्याने निर्माण केलेले नसते.

पाणलोट विकासाच्या कामांत हा मुद्दा अधिक तीव्र होतो. उताराच्या डोक्यावर चर खणायचे, झाडे लावायची, आणि ती जगावीत म्हणून काही वर्षे डोंगरावर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची, असा या कामाचा क्रम असतो. चर खणतात ते मजूर. त्यांतले पुष्कळ भूमिहीन. चराईबंदीचा भार पडतो तो शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांवर, कारण त्यांना दुसरे रान नसते. सरपणासाठी अधिक लांब जावे लागते ते स्त्रियांना. तीन-चार पावसाळ्यांनंतर भूजल वर येते, आणि ते येते खालच्या खोऱ्यातील विहिरींत, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच चांगली जमीन व विहीर आहे त्यांच्याकडे. संयम एकाने पाळायचा आणि त्याचे फळ दुसऱ्याच्या मळ्यात पिकायचे, अशी ही देवघेव असते. वाटणीचा नियम आधी ठरला नसेल, तर जलसंधारण हे पुण्यकर्म असूनही त्याचा परिणाम गरिबाकडून सधनाकडे संपत्ती सरकवण्यात होऊ शकतो. मजुराला खोदाईची मजुरी मिळाली, यावर हिशेब पुरा झाला असे म्हणता येत नाही. मजुरी श्रमाची होती, गमावलेल्या रानाची नव्हती.

हरियाणातील सुखोमाजरी या गावाने हा धडा १९७० च्या दशकातच समोर ठेवला. चंडीगढचा सुखना तलाव गाळाने भरू लागला, तेव्हा त्या गाळाचा माग शिवालिकच्या उघड्या पडलेल्या टेकड्यांपर्यंत गेला. मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्र यांच्या पुढाकाराने तेथे मातीचा लहान बंधारा झाला. प्रारंभी त्याचे पाणी ज्यांच्या शेतांना मिळू शकत होते त्यांनाच मिळाले. उरलेल्यांना टेकडीवरची चराई थांबवण्याचे काही कारण दिसेना. तेव्हा जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाचा पाण्यात सारखा वाटा धरण्यात आला. भूमिहीनाने आपला वाटा दुसऱ्याला द्यावा आणि मोबदला घ्यावा, अशी मुभा राहिली. मग डोंगराला तारेच्या कुंपणाची गरज उरली नाही. गावकऱ्यांनीच गुरे आवरली. ही वाटणी पुढे त्याच रूपात टिकली नाही, आणि तासावर पैसे घेऊन पाणी देण्याची रीत आली. परंतु एक गोष्ट त्या अनुभवाने सिद्ध केली: वाटा मिळाला नाही तर संयम पाळला जात नाही. न्याय ही संवर्धनानंतर वाटायची खिरापत नसून संवर्धनाची पूर्वअट आहे.

महाराष्ट्रात हे तत्त्व सर्वांत नेमक्या शब्दांत मांडले गेले ते पाणी पंचायतीच्या नियमांत. १९७२ च्या दुष्काळाने व्यथित झालेले पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेतली आणि तेथे पाणलोटाचे प्रयोग केले. त्यातून ग्राम गौरव प्रतिष्ठान व पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे होते. योजना व्यक्तीची नव्हे, गटाची असावी. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावे: दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसावा. जमीन विकली म्हणून पाणी विकले जाऊ नये. भूमिहीनांनाही वाटा असावा. ऊसासारखी बारमाही पाणी पिणारी पिके घेऊ नयेत. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावा.

या नियमांचा मर्म दुसऱ्या व तिसऱ्या कलमांत आहे. ज्याला वीस एकर जमीन आहे आणि ज्याला दोन एकर आहे, त्या दोघांच्या घरी पाच माणसे असतील तर पाणी सारखेच. मोठ्या शेतकऱ्याची उरलेली साडेसतरा एकर जिरायत राहील. त्याची मालकी कोणी हिरावलेली नाही, पाण्याने मिळणारा जादा लाभ तेवढा नाकारला आहे. तसेच लहान मूल आणि घरातली स्त्री या दोघांची या हिशेबात गणना होते. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव बहुधा येत नाही, त्यांच्या असण्याने कुटुंबाचा वाटा वाढतो. अर्थात तो वाटा कुटुंबप्रमुखाच्या हाती पडतो आणि घरातल्या घरात न्याय होईलच असे नाही. ही या नियमाची एक उणीव आहे.

या नियमाविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते हलके नाहीत. पहिला कार्यक्षमतेचा. ज्याच्याकडे चांगली काळी जमीन, भांडवल व ज्ञान आहे त्याच्या शेतात त्याच पाण्यातून अधिक पिकेल. मग ते निकृष्ट जमिनीवर का पसरावे? याचे उत्तर उत्पादन कशात मोजायचे यावर अवलंबून आहे. एका शेतातील टनांत मोजले तर आक्षेप खरा ठरेल. किती घरांची चूल वर्षभर पेटली आणि किती माणसे ऊसतोडीला किंवा शहरातल्या बांधकामावर गेली नाहीत, या हिशेबाने पाहिले तर चित्र बदलते. दुष्काळी भागात पहिल्या अर्ध्या एकराला दिलेले पाणी माणसाला गावात ठेवते. विसाव्या एकराला दिलेले पाणी श्रीमंताला थोडे अधिक श्रीमंत करते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. आपल्या शेतात ऊस लावावा की बाजरी, हे गटाने का सांगावे? या आक्षेपाला दख्खनचा इतिहासच उत्तर देतो. नीरेचा कालवा १८८० च्या दशकात दुष्काळनिवारणासाठी झाला, आणि पाहता पाहता त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यात ब्लॉक पद्धत सुचवली, तिचा उद्देशच ऊसाचे क्षेत्र मर्यादित करून पाणी अधिक गावांत पोहोचवणे हा होता. ती मर्यादाही पुढे सैल झाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागले. त्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नव्हती. पीक निवडण्याचे स्वातंत्र्य तेव्हाच खासगी असते, जेव्हा त्याचा खर्च स्वतःच सोसायचा असतो. एकाच्या ऊसाने दहा घरांच्या रब्बीचे पाणी संपत असेल, तर ती निवड खासगी राहत नाही. हिवरे बाजारने याच विचाराने दरवर्षी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यावरून ग्रामसभेत पिके ठरवण्याची पद्धत घातली. शेतीसाठी विंधनविहिरींना मनाई केली. राजस्थानात अलवर जिल्ह्यातील अरवरी नदीकाठच्या गावांनी जोहड बांधून नदीला पुन्हा पाणी आणल्यावर आपली ‘संसद’ स्थापन केली, आणि जास्त पाण्याच्या पिकांना आवर घालणारे नियम केले. स्वातंत्र्याचा संकोच तेथे झालाच. फक्त तो बाहेरून लादला गेला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. माणशी पाणी हा नियम इतका न्याय्य असेल, तर तो पसरला का नाही? पाणी पंचायतीच्या योजना मर्यादित संख्येनेच झाल्या, आणि साळुंखे यांचे २००२ मध्ये निधन झाले तेव्हा हा विचार राज्याचे धोरण बनलेला नव्हता. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी १९८० च्या दशकात उभारलेल्या बळीराजा धरणाने भूमिहीनांच्या वाट्याचे तत्त्व पुढे नेले. समन्यायी पाणीवाटपाची चळवळ नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आदींच्या पुढाकाराने आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांत पोहोचली. तरी एकंदर प्रवाह वेगळ्याच दिशेने वाहत राहिला. याचे एक कारण सत्तेचे आहे, ते उघडच आहे. दुसरे कारण ज्ञानाचे आहे. माणशी वाटणीला माणसे ठाऊक असावी लागतात: कोणाच्या घरी किती तोंडे, कोण परगावी गेला, कोणाचे लग्न झाले. एका पाणलोटातील शंभर कुटुंबांना हे जमते, कारण ती एकमेकांना ओळखतात. राज्यसंस्थेला मात्र जमीन दिसते, कारण जमिनीची नोंद तिच्या दप्तरात आहे.

महाराष्ट्राचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा अधिनियम या दृष्टीने बोलका आहे. टंचाईची झळ सर्वांनी वाटून घ्यावी, असे त्यात म्हटले आहे, आणि अशा काळात लाभक्षेत्रातील प्रत्येक जमीनधारकाला शक्यतोवर किमान एक एकर भिजेल इतका कोटा द्यावा, अशी तरतूद आहे. न्यायाची जाणीव या वाक्यात निश्चित आहे. लहानातल्या लहान शेतकऱ्याला मोठ्याच्या आधी किमान वाटा देणे हे मोठे पाऊल आहे. तरी कायद्याच्या डोळ्यांपुढे उभा आहे तो जमीनधारक. जमीन नसलेला माणूस शेतीच्या पाण्याच्या संदर्भात कायद्याला दिसत नाही. त्याचे नाव शिधापत्रिकेवर आहे, मतदारयादीत आहे. पाण्याच्या हिशेबात नाही.

या ठिकाणी महाडचे स्मरण अपरिहार्य ठरते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा पाणी पिण्याचा हक्क माणूसपणातून येतो, जातीतून नाही, हे त्या कृतीने सांगितले. त्या सत्याग्रहाला विरोध करणाऱ्यांनीही पुढे न्यायालयात तळे आपल्या मालकीचे असल्याचाच दावा केला होता. पिण्याच्या पाण्यापुरते ते तत्त्व आज निदान कायद्याने सर्वमान्य आहे. प्रश्न उरतो तो पुढच्या पायरीचा. कोरडवाहू गावात पाणी हे तहान भागवण्याचे साधन आहे तसेच भाकरी मिळवण्याचेही आहे. ज्याला पिण्यापुरते पाणी आहे पण पिकवण्यापुरते नाही, तो कार्तिक सरला की गाव सोडतो. त्याची तहान भागते ती दुसऱ्याच्या गावात. घोटभर पाण्यावर हक्क मान्य करायचा आणि घासभर अन्न पिकवणाऱ्या पाण्यावर तो नाकारायचा, यांतली रेषा कोणत्या तत्त्वावर ओढली जाते, ते अद्याप कोणी समाधानकारकपणे सांगितलेले नाही.

तिन्ही मापांचा मेळ घालणे अशक्य नाही. ज्याने विहिरीवर खर्च केला, त्याला तो भरून मिळावा; ज्याची जमीन आहे, त्याची मालकी राहावी; परंतु जे पाणी डोंगरावरच्या आणि डोंगराखालच्या सर्वांच्या संयमाने साठले, त्याची पहिली वाटणी माणसांत व्हावी, आणि जमिनीचा हिशेब त्यानंतर यावा. या क्रमात कोणाची संपत्ती जप्त होत नाही. बदलते ती प्राधान्याची जागा. मात्र तिची किंमत आहे, आणि ती ज्याच्याकडे आज पाणी आहे त्यालाच द्यावी लागेल: थोडा ऊस कमी, थोडे जिरायत जास्त. ही किंमत मागताना तिला लोकसहभाग, जनजागृती अशी गोड नावे देण्यात अर्थ नाही. हा त्याग आहे, आणि तो मागण्याचा अधिकार गावातील भूमिहीनाने डोंगरावरची गुरे आवरली त्या दिवशीच मिळवलेला आहे.